मार्केट यार्डातलं हळू मशीन आणि २७ टक्क्यांवर अडकलेलं डिफ्रॅग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. तिथे २०१६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, विंडोज १० आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. सकाळी मशीन चालू करून टॅली हाताला लागेपर्यंत सौदे सुरू होतात. कुणीतरी दर रविवारी डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे एकत्र आणणं) करायला सांगितलं, पण रात्रभर ठेवूनही ते २७ टक्क्यांवरच दिसतं. मुलाच्या लॅपटॉपला एसएसडी (चिपवर लिहिणारी डिस्क) आहे, तिलाही हे करायचं का, आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली (चित्रीकरण साठवणाऱ्या डब्यातली) डिस्क काढून तीही साफ करून घ्यावी का, असे आणखी दोन प्रश्न आहेत.

डीव्हीआरचं आधी सांगतो, कारण तिथे एका क्लिकमध्ये नुकसान होतं. ती डिस्क काढू नका. डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीने डिस्कवर जागा आधीच आखून ठेवतो आणि जुन्या चित्रीकरणावर नवं गोल गोल लिहीत जातो, त्यामुळे डिफ्रॅग करण्यासारखं तिथे काही उरतच नाही. शिवाय बहुतेक डीव्हीआरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. डिस्क पीसीला जोडली की 'फॉरमॅट करायची का' किंवा 'इनिशियलाइज करा' असा चौकोन समोर येतो. कुणी घाईत हो म्हटलं की चित्रीकरण हातचं गेलं. चुकून जोडलीच असेल तर कॅन्सल करा आणि पीसी बंद करून काढून घ्या.

आता मुख्य गोष्ट. तुमचं मशीन हळू आहे हे खरं, पण ते तुकड्यांमुळेच हळू आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. वर्णनावरून मला डिफ्रॅगपेक्षा दोन गोष्टींचा जास्त संशय येतो: कमी पडणारी रॅम आणि थकलेली डिस्क. यातली दुसरी खरी असेल तर रात्रभर डिफ्रॅग चालवणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: डिस्क कोणत्या जातीची, तिची तब्येत कशी, आणि मग गरज असेल तर डिफ्रॅग.

डिफ्रॅग नेमकं काय करतं ते एकदा आकड्यांत पाहू. विंडोज डिस्कवर साधारण ४ केबीच्या खणांत लिहितं. फाईल वाढत गेली आणि शेजारचे खण भरलेले असले की पुढचा भाग दुसरीकडे कुठेतरी जातो. वहीत एखाद्या शेतकऱ्याचं खातं पान १२ वर सुरू व्हावं आणि 'पुढे पान ९० पाहा' अशी नोंद असावी, तसंच. हार्ड डिस्कमध्ये हे 'पान उलटणं' महाग असतं, कारण तिथे खरोखरच एक हात हलतो आणि खाली तबकडी फिरते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डेस्कटॉप डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली (हाताच्या टोकाच्या वाचकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात आणि हेड सरकायला साधारण ८–९. मिळून एका उडीला १३ मिलिसेकंद धरा. १५० एमबीची सलग फाईल अशी डिस्क साधारण एका सेकंदात वाचते. तीच फाईल १००० तुकड्यांत असेल तर नुसत्या उड्यांनाच १३ सेकंद. फरक जाणवतो तो इथे.

पण तुकडे मोठे असतील तर हिशेब उलटतो. ६४ एमबीचा एक तुकडा वाचायलाच ०.४ सेकंदाच्या वर लागतात, त्यात १३ मिलिसेकंदांची उडी कुठल्या कुठे हरवते. म्हणून विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायच्या भानगडीत पडत नाही आणि टक्केवारीतही धरत नाही. बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर '३१ टक्के विखुरलेलं' म्हणतं आणि विंडोज '४ टक्के' म्हणतं, त्याचं एक मोठं कारण हेच. अशा वेळी विंडोजचा आकडा धरा. दुसऱ्याचं लाल-निळं चित्र बघायला छान असतं, पण त्याचा मशीनच्या वेगाशी फारसा संबंध नसतो.

एसएसडीत हलणारा हात नाही, फिरणारी तबकडी नाही. तिथे उडीला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, म्हणून डिफ्रॅगचा फायदा जवळपास शून्य. उलट विनाकारण लिखाण होतं आणि एसएसडीच्या पेशी ठरावीक वेळाच लिहून घेतात. २५० जीबीच्या साध्या एसएसडीची लेखनमर्यादा कंपन्या बहुधा ८० ते १५० टीबीच्या दरम्यान देतात. एखाद-दुसऱ्या डिफ्रॅगने ती संपत नाही, त्यामुळे मुलाने चुकून कधी केलं असेल तर घाबरू नका. रोजची सवय मात्र लावू नये.

मग एसएसडीसमोरही विंडोज 'ऑप्टिमाइज' बटण का दाखवतं? कारण विंडोज ८ पासून ते बटण डिस्क बघून काम बदलतं. हार्ड डिस्क असेल तर डिफ्रॅग, एसएसडी असेल तर ट्रिम. पुसलेल्या फाईलींची जागा आता रिकामी समजायला हरकत नाही, एवढा निरोप ट्रिममध्ये एसएसडीला दिला जातो. तो काही सेकंदांत आटोपतो आणि उपयोगी असतो, कारण रिकामी जागा माहीत असली की एसएसडीला नवीन लिखाण लवकर करता येतं. सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज अधूनमधून एसएसडीवरही थोडं डिफ्रॅग करतं. ते त्याच्या हिशेबाने चाललेलं असतं, बंद करायला जाऊ नका.

बघायचं कुठे? स्टार्टमध्ये 'डिफ्रॅग' असं इंग्रजीत टाइप केलं की 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइज ड्राइव्हज' येतं. त्यात मीडिया टाइपचा रकाना आधी वाचा. मुलाच्या लॅपटॉपवर तिथे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसलं आणि शेड्यूल चालू असलं की तुमचं काम संपलं. एसएसडी असूनही 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर मात्र थांबा. विंडोजने तिला ओळखलेलं नाही आणि ते दर आठवड्याला तिचं डिफ्रॅगच करत बसेल. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'विनसॅट', एक जागा सोडून 'फॉर्मल' असं इंग्रजीत टाइप करा आणि चार्जर लावून ठेवा. काही मिनिटांत मोजणी होते आणि बहुतेक वेळा नोंद सुधारते. नाहीच सुधारली तर त्या ड्राइव्हपुरतं शेड्यूल काढून टाका.

तुमच्या डेस्कटॉपवर त्याच खिडकीत 'लास्ट रन'ची तारीख बघा. विंडोज हे काम दर आठवड्याला आपोआप करतं, फक्त त्यासाठी मशीन चालू आणि रिकामं लागतं. देखभालीची ठरलेली वेळ पहाटे २ ची असते. ती हुकली तर पुढे मशीन रिकामं दिसेल तेव्हा काम उरकलं जातं. दुकानातलं मशीन सकाळी उघडतं, दिवसभर पट्ट्या आणि बिलं निघतात, संध्याकाळी शटरबरोबर बंद होतं. त्याला रिकामा वेळ असा मिळतच नाही. अशा मशीनवर २०–३० टक्के विखुरलेपण सापडलं तर नवल नाही आणि तिथे हाताने डिफ्रॅग करणं योग्यच आहे. पण एकदा, आणि मग दोन-तीन महिन्यांतून एकदा. दर रविवारी नको. विंडोजचा आकडा १० टक्क्यांच्या आत असेल तर हात लावायचंच कारण नाही.

बटण दाबायच्या आधी तब्येत. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकटचं सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरून घ्या. वर मोठ्या अक्षरांत 'गुड' दिसतं म्हणून खूश होऊ नका, खालच्या यादीतल्या चार ओळी वाचा. क्रमांक ०५: खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे लिहायचे छोटे भाग). सी५: वाचताना अडलेले, निर्णय न झालेले सेक्टर. सी६: न सुधारणारे सेक्टर. सी७: केबलमधून येता-जाता झालेल्या चुका. उजवीकडचा 'रॉ व्हॅल्यूज' रकाना बघायचा. तो आकडा सुरुवातीला सोळाच्या पायात दिसतो, फंक्शन मेनूतून दहाच्या पायात करून घ्या. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर डिफ्रॅग रद्द. आधी टॅलीचा डेटा आणि बाकी कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढा. ०५ मध्ये थोडे सेक्टर असून महिनोन्महिने तेवढेच राहत असतील तर डिस्क लक्ष ठेवून वापरता येते, पण आकडा वाढतोय असं दिसलं की तिच्यावर हिशेब ठेवू नये. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. डिस्कची साटा केबल बदला, काम स्वस्तात होतं. झालेले आकडे मात्र पुसले जात नाहीत, पुढे वाढत नाहीत ना एवढंच बघायचं.

त्याच यादीच्या वर तापमान असतं. ४५ अंशांपर्यंत ठीक, ५५ च्या वर गेलं तर डिफ्रॅग थांबवा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी खोलीच ४० च्या आसपास असते, त्यामुळे हे काम सकाळी लवकर लावा. यार्डातल्या मशीनना आणखी एक त्रास असतो तो हळदीच्या धुळीचा. कॅबिनेट उघडलं की पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये पिवळा थर बसलेला दिसतो, थोडा चिकट, नुसत्या फुंकरीने न निघणारा. मशीनचा प्लग काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने तो काढा. हार्ड डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. तो तिचा श्वास घ्यायचा रस्ता. धूळ जाईल म्हणून त्यावर चिकटपट्टी लावू नका आणि ब्लोअरचं तोंडही तिथे धरू नका.

आता तुमचे २७ टक्के. पहिली शक्यता अशी की ते अडकलेलं नाहीच. विंडोज हे काम अनेक फेऱ्यांत करतं आणि प्रत्येक फेरीत टक्केवारी नव्याने मोजली जाते. टक्क्यांच्या आधी 'पास'चा आकडा असतो. रात्री 'पास १, २७ टक्के' आणि सकाळी 'पास ४, २७ टक्के' असेल तर काम पुढे गेलेलं आहे. खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे डिस्क उघडा. वाचन-लेखनाचा वेग काही एमबी दिसत असेल तर चाललंय. जवळपास शून्य असेल आणि ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के असेल, तर डिस्क एकाच जागी अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय.

हा दुसरा प्रकार वाईट. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. सोर्स 'डिस्क' असलेल्या ओळींत क्रमांक ७ दिसला तर खराब ब्लॉक, १५३ दिसला तर वाचन पुन्हा करावं लागलं. रात्रीच्या वेळेच्या अशा ओळींची रांग असेल तर डिफ्रॅगचा नाद सोडा. 'चेकडिस्क'ची खोल तपासणी, म्हणजे स्लॅश आर लावून केलेली, हाही उपाय म्हणून सुचवला जातो, पण तीही सगळी डिस्क वाचते. डेटा बाहेर निघाल्याशिवाय तीही करू नका.

तिसरी शक्यता साधी आहे: जागा कमी. विखुरलेले तुकडे एकत्र करायला मोकळी सलग जागा लागते. एक्सपीच्या काळात १५ टक्के मोकळी जागा ही अटच होती. आज अट नसली तरी तेवढी असावी, नाहीतर काम रांगतं. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' घेऊन जुनं विंडोज आणि अपडेटची अडगळ काढा. हायबरनेट (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी', जागा, 'स्लॅश एच', जागा, 'ऑफ' असं टाइप केलं की रॅमच्या साधारण ४० टक्के आकाराची एक फाईल जाते. मात्र त्याने फास्ट स्टार्टअपही बंद होतं, म्हणजे हार्ड डिस्कवर मशीन चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल. जागेची अगदीच चणचण असेल तरच करा.

आणि चौथी: मागे टॅली, ब्राउझर, क्लाउडवर फाईली चढवणारं काहीतरी चालू राहिलेलं असतं. ती सतत लिहितात, डिफ्रॅग त्यांच्या मागे धावत बसतं. सगळं बंद करून, मशीन एकदा रीस्टार्ट करून मगच लावा.

सगळं नीट असेल तर प्रत्यक्ष कृती छोटी आहे. आधी बॅकअप, मग खिडकीत सी निवडून 'ॲनालाइज', मग 'ऑप्टिमाइज'. आत काय चाललंय ते शब्दांत बघायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत 'डिफ्रॅग', जागा, 'सी' आणि कोलन, जागा, स्लॅश ओ, जागा, स्लॅश यू, जागा, स्लॅश व्ही. स्लॅश ओ म्हणजे डिस्कच्या जातीला योग्य तेच काम, म्हणून तो कुठेही सुरक्षित. १ टीबीची अर्धी भरलेली डिस्क असेल तर तीन-चार तास धरून चाला, पहिल्याच वेळी असेल तर जास्त.

मध्येच लाईट गेली तर? पावसाळ्यात हा प्रश्न येणारच. विंडोज आधी तुकड्याची प्रत नव्या जागी करतं, मग नोंद बदलते आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी होते. त्यामुळे फाईल सहसा जात नाही. पण वीज अचानक तुटणं डिस्कला चांगलं नाहीच आणि दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांपलीकडे जात नाही. यूपीएसची शिट्टी ऐकू आली की 'स्टॉप' दाबा आणि मशीन रीतसर बंद करा. झालेलं काम वाया जात नाही.

एक इशारा याला जोडूनच. चुकून काही पुसलं गेलं असेल आणि परत हवं असेल, तर डिफ्रॅग अजिबात नको. पुसलेल्या फाईलीच्या जागेवर दुसरं काहीतरी येऊन बसतं आणि मग कुठलंच सॉफ्टवेअर ती काढू शकत नाही. एसएसडीत तर ट्रिममुळे ती संधी बहुतेक वेळा आधीच गेलेली असते.

बाहेरून जोडायची १ किंवा २ टीबीची छोटी हार्ड डिस्क असेल तर तिचंही डिफ्रॅग टाळा. अशा बऱ्याच डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एसएमआर म्हणतात त्याला. तिथे एक छोटा तुकडा हलवायचा तर शेजारचा मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. वेग काही एमबीवर येतो आणि दिवस दिवस जातो. ती फक्त बॅकअपला असेल तर तिला वेगाची गरजही नाही. पेनड्राइव्हला तर डिफ्रॅगचा प्रश्नच नाही.

आता रॅम, म्हणजे माझ्या मते तुमचं खरं दुखणं. सकाळी मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांनी टास्क मॅनेजर बघा. मेमरी ८५–९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्के असेल, तर ४ जीबी रॅम पुरत नाही म्हणून विंडोज हार्ड डिस्कवरच्या पेजफाईलशी देवाणघेवाण करतंय. परफॉर्मन्समध्ये 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' वाचा. १०–३० मिलिसेकंद ठीक. सतत ५०० च्या पुढे असेल तर प्रत्येक क्लिक रांगेत उभी आहे. डिफ्रॅगने ही रांग कमी होत नाही. मेमरी निम्मीच भरलेली असून रिस्पॉन्स टाइम एवढा असेल तर मात्र पुन्हा डिस्ककडे बोट जातं.

टॅलीचंही एक बघा. पाच-सात वर्षांचे सगळे व्यवहार एकाच कंपनीत असतील तर टॅली स्वतःच जड होतं. बॅकअप घेऊन, तुमच्या हिशेबनीसाला विचारून, आर्थिक वर्षाप्रमाणे डेटा स्प्लिट करा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबल्यावर स्प्लिट आणि रिपेअर दोन्ही तिथेच आहेत.

पैसे घालायचेच असतील तर ४ जीबी रॅमची ८ करा आणि विंडोज व टॅलीसाठी २५० किंवा ५०० जीबीची साटा एसएसडी बसवा. २०१६ च्या बोर्डवर डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते आधी बघून घ्या, दोन्ही एकमेकांच्या खोबणीत बसत नाहीत. जुन्या डिस्कची सी ड्राइव्ह एसएसडीपेक्षा मोठी असेल तर क्लोन (जशीच्या तशी प्रत) करताना ती आधी लहान करावी लागते आणि मध्येच कुठेतरी बसलेल्या न हलणाऱ्या फाईली आडव्या येतात. तेव्हा हायबरनेट, पेजफाईल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करून, एकदा डिफ्रॅग स्लॅश एक्स लावून चालवा. तो मोकळी जागा एकत्र करतो. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूट नक्की कुठून झालं यात गोंधळ होतो. एसएसडीवरून नीट चालू झाल्यावर पेजफाईल आणि सिस्टिम रिस्टोअर परत चालू करायला विसरू नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१६ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. त्यामुळे या मशीनवर किती खर्च करायचा हे तुम्ही ठरवा. एसएसडी तरी वाया जात नाही, पुढच्या डेस्कटॉपला लावता येते.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमधले ०५, सी५, सी६, सी७ चे रॉ आकडे आणि सकाळच्या टास्क मॅनेजरमधली मेमरीची टक्केवारी इथे टाका. ते बघून डिफ्रॅग लावायचं की डिस्क बदलायची ते नक्की सांगता येईल. तोवर येत्या रविवारचं डिफ्रॅग राहू द्या.